वृद्धाश्रमातल्या थकलेल्या पायांत ताकद कशी आणावी

"आता या वयात कसला व्यायाम? जपा त्यांना." वृद्धाश्रमात फिजिओथेरपी करताना हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकते, कर्मचाऱ्यांकडून ऐकते, कधी डॉक्टरांकडूनही. या जपण्यापायी स्वतःच्या पायांनी आत आलेली माणसं काही महिन्यांत चाकाच्या खुर्चीला खिळलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

वयाबरोबर स्नायू झिजतात. या झिजेला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची कमतरता. पण मांस जितकं कमी होतं, त्याहून ताकद भराभर जाते. त्यातही झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात, आणि अडखळल्यावर तोल सावरायला नेमके तेच लागतात. पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे धोके सगळ्यांना ठाऊक असतात. खोकल्याचे आणि गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, म्हणून घास श्वासनलिकेत जातो, कफ बाहेर पडत नाही आणि न्यूमोनिया होतो, हे फारसं कुणी सांगत नाही. नितंबांवरचं मांस गेलं की हाड थेट गादीवर टेकतं आणि त्या जागी जखमा होतात.

पहिलं काम तपासणीचं. वजनकाट्यावर विसंबू नका. स्नायूंच्या जागी चरबी भरली तर काटा जागचा हलत नाही. साध्या खुर्चीतून, हात छातीवर दुमडून, पाच वेळा उठायला आणि बसायला सांगा आणि वेळ मोजा. युरोपीय तज्ज्ञगटाच्या निकषाने १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी समजायची; आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषाने १२ सेकंद लागले तरी. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल, तर घड्याळ बाजूला ठेवा, उत्तर मिळालं. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर शंका घ्यावी. पायांना सूज असेल तर हे माप फसवं असतं.

डॉक्टरांची परवानगी घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका, छातीत दुखणं, हृदयाची झडप अरुंद असणं, ताजं फ्रॅक्चर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर त्यांच्या होकाराशिवाय सुरुवात नको. त्याच भेटीत झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांची यादीही तपासून घ्या.

आहाराचं थोडक्यात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५० किलोच्या बाईंना ५० ते ६० ग्रॅम, आणि तीही तिन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. कवळी सैल असेल तर ती आधी दुरुस्त करा, नाहीतर ताटातलं पोटात जाणारच नाही. मात्र प्रथिनांची पावडर आणून दिली की काम झालं, असं समजू नका. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर झालेल्या अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांची ताकद दहा आठवड्यांत दुपटीहून अधिक झाली. नुसता पूरक आहार घेणाऱ्यांचा अशक्तपणा कमी झाला नाही.

आता उठण्याकडे. मी सर्वांत जास्त चुकले ते इथेच.

सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्यांना गोलात बसवून हात वर-खाली करायला लावायचे, पायांना अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधायचे. सगळे आनंदात असायचे. ताकद मात्र कुणाचीच वाढत नव्हती. एक आजी तीन महिने न चुकता यायच्या. एका रात्री बाथरूमला जाताना कॉटवरून उठता उठता पडल्या आणि खुबा मोडला. त्यांचे पाय तीन महिन्यांपूर्वी होते तितकेच दुबळे राहिले होते, कारण भार वाढवायची मला भीती वाटत होती. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा स्वयंसेवकांना त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत वजन देऊन आठ आठवडे व्यायाम दिला गेला, आणि जे शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे मी वाचलं होतं. वाचूनही पिशवी अर्धा किलोचीच ठेवली होती. तुम्ही तसं करू नका. हलका व्यायाम मन रमवतो, पण पाय उभे राहायला स्नायूला जड वाटेल असंच काम लागतं.

यंत्र नको, खुर्ची पुरते. हातांची आणि भक्कम हवी, पाठ भिंतीला टेकलेली. पायात टाचेला बंद असलेले बूट, चष्मा डोळ्यांवर. जेवणानंतर लगेच नको, त्या वेळी अनेकांचा रक्तदाब उतरतो. बैठकीची उंची मात्र जीव लावून ठरवा, कारण भार तिथेच ठरतो. बैठक उंच असेल तर उठणं सोपं, खाली असेल तर अवघड. घट्ट, न दबणाऱ्या पातळ गाद्या एकावर एक ठेवा आणि अशी उंची शोधा की आठ वेळा उठता येईल, पण शेवटच्या दोन वेळा चेहऱ्यावर कष्ट दिसतील. आठवी वेळ पहिलीइतकीच सहज गेली, तर उंची जास्त आहे. मऊ उशी ठेवू नका. ती दबते, माणूस आत रुततो आणि रोजचा हिशेब चुकतो.

उठण्याआधी बैठकीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, टाचा टेकलेल्या. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. बहुतेक जण इथे अडतात. पडायच्या भीतीने ते मागे रेलून उठू पाहतात, आणि तसं कुणालाच उठता येत नाही. समोर थोड्या अंतरावर दुसरी जड खुर्ची ठेवली की वाकायला धीर येतो. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. रोखला तर रक्तदाब उसळतो. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश खाली यायचं. धपकन बसू देऊ नका, निम्मी ताकद या सावकाश बसण्यातून येते, असा माझा अनुभव आहे.

मदत करणाऱ्याने बाजूला उभं राहून कंबरेच्या पट्ट्याला धरावं. काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढणं मी माझ्यासमोर कुणालाही करू देत नाही. त्याने खांदा निखळतो, विशेषतः अर्धांगवायू झालेल्या बाजूचा. शिवाय ओढल्यावर पाय काहीच काम करत नाहीत, सगळं तुमची कंबर करते. उठल्यावर लगेच चालवू नका, क्षणभर थांबा. चक्कर येते म्हणाल्या तर बसवा आणि झोपलेला व उभा असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा.

आठ उठण्यांच्या दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. सलग दोन वेळा दहा उठणी जमली की एक पातळ गादी काढा. उंची, किती वेळा आणि तारीख हे वहीत लिहा. आठवणीवर सोडलं की गादी महिनोन्‌महिने जागची हलत नाही. सगळ्या गाद्या संपल्या की छातीशी एक किलोचं वजन धरायला द्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, त्याला घाबरू नका. सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा दम लागून बोलता येईना, तर मात्र तिथेच थांबायचं.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना सूचना देऊ नका. "पुढे सरका, वाका, पाय मागे घ्या" हे ऐकून ते गोंधळतात आणि चिडतात. समोर बसा, हात पुढे करा, स्वतः उठून दाखवा, "चला, खिडकीपाशी जाऊ" एवढंच म्हणा. शरीराला उठणं आठवतं.

हे तीन दिवस झाले. बाकीच्या वेळी प्रत्येक उठणं कामी लावा. जेवणघर वीस पावलांवर असताना वेळ वाचवायला चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेणं याची मला खरोखर चीड येते. मदतनीसांवर कामाचा किती ताण असतो ते मी रोज पाहते, म्हणून सगळी अंतरं चालवा असं म्हणत नाही. दिवसातली दोन ठरवा, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण, आणि ती चुकवू नका.

मध्येच ताप आला, रुग्णालयात जावं लागलं, तर वहीतल्या शेवटच्या पानावरून पुढे सुरू करू नका. धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात, २००७ साली, त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन घटलं होतं. आजारी माणसाची काय गत होत असेल ते समजून घ्या. डॉक्टरांनी हो म्हणताच दुसऱ्या दिवशी कॉटच्या कडेला पाय सोडून बसवा, तिसऱ्या दिवशी खुर्चीत. काढलेल्या गाद्यांपैकी दोन परत ठेवा आणि तीन उठण्यांपासून सुरुवात करा.