जुन्या मिलिटरी जीपचा सेल्फ उठत नसेल तर आधी अर्थिंग बघा

कोल्हापूरचा पाऊस ओसरला की जुन्या डिस्पोजलच्या (लष्करानं विकून टाकलेल्या) जीपा ताडपत्रीखालनं बाहेर निघतात, सेल्फ नुसता कण्हतो आणि मंडळी लगेच नवी बॅटरी आणायला पळतात. थांबा की जरा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप ६ व्होल्टची, म्हणजे तेवढ्याच पॉवरला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, त्यामुळं अर्थच्या पट्टीला (बॅटरीची मायनस गाडीच्या लोखंडाला जोडणारी) थोडा जरी गंज असला तरी सेल्फ बसलाच म्हणायचा. गाडी न्यूट्रल करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या वर दाखवलं तर दोष अर्थिंगचाच. पट्टी सोडा, दोन्हीकडचा रंग-गंज पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, कसून आवळा, मग वरनं ग्रीस. केबल बदलायची तर जाडच घ्या, उद्यमनगरात विचारा, आणि १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा.

एम३८ (विलीजचीच नंतरची मिलिटरी जीप) असेल तर ती २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या सिरीजमधे. टेपसाठी त्यातल्या एकीवरनंच १२ व्होल्ट काढू नका, एक उपाशी राहते नि दुसरी ओव्हरचार्ज होते. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा.