सुपर टॉप-अप असूनही बिल खिशातून? निवृत्तांनी या चुका टाळाव्यात

आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसी मी गेली काही वर्षं वाचून देतो. सुपर टॉप-अपचा, म्हणजे मूळ पॉलिसीच्या पुढचा खर्च देणाऱ्या पूरक विम्याचा, विषय निघाला की जवळजवळ प्रत्येकजण आधी विचारतो, "हप्ता किती बसेल?" पेन्शन ठरलेली असते, तेव्हा हा प्रश्न साहजिकच आहे. पण पूरक विम्यात मोठा फटका हप्त्याचा बसत नाही. पहिली पॉलिसी जिथे थांबते आणि दुसरी जिथे सुरू होते, त्या दोहोंमध्ये खड्डा राहिला तर तो आपल्यालाच भरावा लागतो. वडिलांच्या आजारपणात मी तो भरला आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप एकच समजणं

नावात एका शब्दाचा फरक आहे, पण पैशात लाखोंचा पडतो. दोन्हीत 'डिडक्टिबल' असतं, म्हणजे इतक्या रकमेपर्यंतचा खर्च ही कंपनी देणार नाही, त्यापुढचा देईल. साधा टॉप-अप ही मर्यादा प्रत्येक दाखल होण्याला वेगळी लावतो. सुपर टॉप-अप वर्षभरातल्या सगळ्या बिलांची बेरीज करून एकदाच लावतो.

समजा मूळ पॉलिसी ५ लाखांची आणि डिडक्टिबलही ५ लाख. वर्षात पहिलं बिल ४ लाखांचं आलं, दुसरं साडेतीन लाखांचं. मूळ पॉलिसीने पहिल्या वेळी ४ आणि दुसऱ्या वेळी उरलेला १ लाख दिला. राहिले अडीच लाख. साधा टॉप-अप म्हणेल, दोन्ही बिलं ५ लाखांच्या आतली आहेत, आमचं देणं काही नाही. सुपर टॉप-अप साडेसात लाखांतून ५ वजा करून अडीच लाख देईल. उतारवयात एकाच वर्षी दोनदा दाखल व्हावं लागणं काही दुर्मीळ नाही. त्यामुळे टॉप-अपचा हप्ता थोडा कमी दिसला तरी निवृत्त माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन पॉलिसींची वर्षं वेगवेगळी असणं

ही चूक आमच्या घरात झाली. वडिलांची मूळ पॉलिसी १ एप्रिलला सुरू व्हायची, सुपर टॉप-अप १ ऑगस्टला. दोन्ही चालू, हप्ते वेळेवर भरलेले, सगळे आजार आधीच सांगितलेले. जूनमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि सप्टेंबरमध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. मूळ पॉलिसीच्या दृष्टीने दोन्ही खर्च एकाच वर्षातले, त्यामुळे तिची रक्कम संपली. सुपर टॉप-अपचं मात्र ऑगस्टमध्ये नवं वर्ष सुरू झालं होतं. जूनचं बिल तिच्या लेखी मागच्या वर्षात गेलं, आणि सप्टेंबरचं एकटं बिल डिडक्टिबलच्या आत राहिलं. कंपनीने पैसे दिले नाहीत. नियमाने तिचं बरोबर होतं. पॉलिसी घेताना मात्र हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून नवा सुपर टॉप-अप मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेलाच सुरू करा. निवृत्तांची सामूहिक पॉलिसी (संस्थेमार्फत सगळ्यांची मिळून घेतलेली) असेल तर तिची तारीख आधी बघा. बँकेतून निवृत्त झालेल्यांची साधारण १ नोव्हेंबरला सुरू होते. तारखा आधीच वेगळ्या असतील तर कालावधी जुळवून मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा. पण त्यासाठी जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका. ती बंद करून नवी घेतली तर आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, आणि तो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो.

हप्ता कमी बसावा म्हणून डिडक्टिबल वाढवणं

डिडक्टिबल जितकं मोठं, तितका हप्ता कमी. ३ लाखांची सामूहिक पॉलिसी असलेला माणूस ५ लाख डिडक्टिबल घेतो, तेव्हा मधले २ लाख त्याचेच असतात. तेवढी रक्कम एफडीत बाजूला ठेवलेली असेल तर हा निर्णय चांगला ठरू शकतो. रक्कम नसेल तर डिडक्टिबल मूळ पॉलिसीएवढंच ठेवा. सामूहिक पॉलिसीच्या अटी, रक्कम आणि हप्ता दर वर्षी बदलू शकतात, हेही लक्षात असू द्या. गेल्या वर्षी नसलेला खड्डा यंदा पडू शकतो.

नवरा-बायकोंनी आणखी एक गोष्ट पाहावी. मूळ पॉलिसी दोघांत मिळून ५ लाखांची, आणि सुपर टॉप-अप मात्र दोघांचे वेगळे, प्रत्येकी ५ लाख डिडक्टिबलचे, अशी जोडी घेऊ नये. नवऱ्याचं ३ लाख आणि बायकोचं ४ लाख बिल झालं, तर मूळ पॉलिसी ५ लाखांवर संपते, आणि दोघांपैकी एकाचंही डिडक्टिबल ओलांडलेलं नसतं.

खोलीच्या भाड्याकडे दुर्लक्ष

मूळ पॉलिसीत खोलीची मर्यादा रोजची ५,००० असेल आणि आपण १०,००० ची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांतही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कपात होऊ शकते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लागू नाही. मूळ कंपनीने असे कापलेले पैसे सुपर टॉप-अपमधून भरून निघतील या भरवशावर राहू नका. ती कंपनी स्वतःच्या अटींनी बिल मोजते आणि डिडक्टिबलच्या वरचंच देते. दाखल होताना रुग्णालय "कोणती खोली हवी?" विचारतं, तेव्हा पॉलिसीतला आकडा सोबतच्या माणसाला ठाऊक हवा.

पहिल्या बिलाची कागदपत्रं न ठेवणं

पहिलं बिल डिडक्टिबलच्या आत असलं तरी सुपर टॉप-अपच्या कंपनीला दाखल होतानाच कळवा. सहा महिन्यांनी दुसरं बिल आलं की डिडक्टिबल ओलांडल्याचं आपल्यालाच दाखवावं लागतं. मूळ कागद बहुतेक वेळा पहिल्या कंपनीकडे गेलेले असतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि पावत्या यांच्या रुग्णालयाचा शिक्का मारलेल्या प्रती घ्या. पहिल्या कंपनीचं क्लेम मंजुरीचं पत्रही त्याच फाइलला लावा. या पत्रावाचून क्लेम अडकलेले मी पाहिले आहेत.

आजार लपवणं

साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, सगळं फॉर्मवर लिहा. एजंट "हे नको लिहायला" म्हणाला तर फॉर्म स्वतः भरा. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण सत्तरीत पाच वर्षं आजारी न पडण्याच्या आशेवर पैसे लावायचे का?

हप्त्याबद्दल थोडं

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही, आधी तो १८ टक्के होता. सामूहिक पॉलिसीला ही सूट लागू नाही, तेव्हा दोन्हींची तुलना करताना कर धरूनच करा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ज्येष्ठांना ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि हप्ता रोखीने भरलेला नसेल तरच.

७० पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान कार्ड जरूर काढावं. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी चालतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावं लागतं. कार्ड आलं म्हणून पॉलिसी सोडू नका. ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं, आणि आपल्या डॉक्टरांचं रुग्णालय त्या यादीत असेलच असं नाही.

क्लेम नाकारला तर

फोनवरचं उत्तर अंतिम धरू नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा, म्हणून ते पत्र ज्या दिवशी हातात पडेल त्या दिवसाची तारीख त्यावरच लिहून ठेवा.