बोटीवर सीपॅप लावून झोपताना बॅटरीचा हिशेब

नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीवर किनाऱ्याची वीज नसते. रात्रभर सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र) चालते ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि ती रिकामी करतो तो हवा फेकणारा पंखा नव्हे, तर त्या हवेला ओलावा देण्यासाठी पाणी तापवणारा ह्युमिडिफायर. ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवली, तर मध्यम दाबाला बहुतेक यंत्रांचे साधारण ३० वॅटच्या आत भागते. म्हणजे आठ तासांना फार तर २४० वॅट-तास, अर्थात १२ व्होल्टला २० अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरणे हिताचे असल्याने १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर दोन रात्री निघतात, तेही फ्रीजने आणि नांगरदिव्याने वाटा मागितला नाही तर.

इन्व्हर्टरने १२ चे २३० व्होल्ट करायचे आणि यंत्राच्या ॲडॉप्टरने ते पुन्हा २४ वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम टाळून यंत्राच्या उत्पादकाचाच डीसी कन्व्हर्टर (बॅटरीची वीज थेट यंत्राला लागणाऱ्या व्होल्टेजवर आणणारा) घ्यावा. मात्र यंत्र १२ व्होल्टचे आहे की २४ चे, हे त्याच्या तळाच्या पट्टीवर वाचल्याशिवाय काहीही जोडू नये.

समुद्रावरची हवा बहुधा दमट असल्याने ह्युमिडिफायरवाचून सहसा अडत नाही, तरी घरी दोन रात्री तसे झोपून पाहावे. बोट हलत असताना टाकी भरलेली असली, तर एका हेलकाव्यात पाणी नळीत किंवा यंत्रात शिरते. यंत्र उशीच्या पातळीखाली, पट्ट्याने आवळून आणि इंजिनाच्या धुरापासून दूर ठेवावे.