पर्ज वाल्व बदलण्याआधी: पेट्रोल गाडीवर हात बसवणाऱ्या नव्या मेकॅनिकसाठी

विदर्भात खेड्यापाड्यांतली बरीच गॅरेजं ट्रॅक्टर आणि डिझेल जीपवर उभी राहिली. डिझेल गाडीला पर्ज वाल्व, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा वाल्व, नसतोच. त्यामुळे डिझेलवर हात बसलेला माणूस पेट्रोल कारचा हा छोटासा वाल्व पाहून बुचकळ्यात पडतो आणि शेवटी नवा बसवून मोकळा होतो. आयटीआय करून आलेली मुलंही स्कॅनरवर पी ०४४३ दिसला की तेच करतात. हा कोड मात्र वाल्वच्या सर्किटबद्दल असतो. म्हणजे बिघाड वाल्वच्या कॉइलमध्ये असू शकतो, कपलरमध्ये (वायरीच्या जोडात), वायरीत किंवा ईसीएममध्येही (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये).

टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते. इंजिन गरम झालं की ईसीएम पर्ज वाल्वची भराभर उघडझाप करतो आणि ती वाफ इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडे, ओढली जाते. करंट नसला की वाल्व बंद, हे डोक्यात पक्कं बसवा. पुढची सगळी तपासणी यावरच आहे.

गिऱ्हाईक काय सांगतो ते नीट ऐका. "पेट्रोल भरलं का गाडी सुरूच नाई होत भाऊ" असं म्हणाला, तर वाल्व उघडा अडकल्याचा पहिला संशय घ्या. टाकी भरताना वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते. तिथून ती उघड्या वाल्वमधून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारला की हवा जास्त मिळते, म्हणून गाडी कशीबशी सुरू होते आणि थोडा वेळ स्लोवर (रेस न देता) थरथरते. वाल्व बंद अडकला असेल तर गाडी चालायला ठीकच असते. तक्रार पेट्रोलच्या वासाची येते, किंवा टाकीचं झाकण उघडताना जोरात फुस्स होण्याची. पण अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, चांगल्या गाडीचं झाकणही थोडं फुसफुसतं. नुसत्या त्यावरून निदान करू नका.

आता तपासणी. बिडी, सिगारेट, वेल्डिंग दूर ठेवा. वाल्व बहुधा इनटेक मॅनिफोल्डजवळ असतो: दोन नळ्या आणि दोन पिनांचा कपलर. इंजिन थंड असताना सुरू करा, कॅनिस्टरकडून येणारी नळी वाल्ववरून काढा आणि वाल्वच्या त्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनावर, स्लोवर, ओढ लागता कामा नये. लागली तर लगेच कपलर काढा. तरीही ओढ राहिली, तर वाल्व आतून उघडा अडकलाय. कपलर काढताच ओढ थांबली, तर वाल्व निर्दोष आहे; त्याला कोणीतरी उघडायला लावतंय. मग ईसीएमकडे जाणारी वायर कुठे बॉडीला घासून अर्थ होतेय का ते शोधा. दोन मिनिटांच्या या परीक्षेत यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल दोष वेगळे होतात. ही सोडून मल्टिमीटर हातात घेणं म्हणजे उगाच फिरत बसणं.

कपलर काढल्याने चेक लाईट लागेल. काम संपल्यावर कोड पुसायला विसरू नका.

ओढ नसेल, तर इंजिन पूर्ण गरम करून रेस थोडी वाढवा. बोटाला ठोक्याठोक्याने ओढ जाणवली पाहिजे. काहीच जाणवलं नाही, तर इंजिन बंद करून कपलर तपासा. चावी ऑन केल्यावर एका पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा (काही गाड्यांत तो इंजिन चालू असतानाच येतो). नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. दुसरी पिन ईसीएमची. कपलरच्या दोन्ही पिनांमध्ये एलईडी टेस्टर लावला, तर गरम, चालू इंजिनावर तो लुकलुकतो. इथे २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावू नका. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, वाल्व मात्र साधारण अर्धा. ईसीएमचं नुकसान व्हायला तेवढं पुरतं, आणि ईसीएमच्या किमतीत असे कितीतरी वाल्व येतात.

वाल्वच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत २० ते ३५ ओहम असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ दाखवत असेल तर शॉर्ट. रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून मात्र वाल्व पास करू नका. कॉइल ठणठणीत आणि आतली सीट कचऱ्याने उघडी, हे नेहमीचंच.

वाल्व काढून हँड व्हॅक्यूम पंप लावा, १५ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास व्हॅक्यूम घ्या आणि मिनिटभर थांबा. काटा उतरला तर वाल्व गळतो. मग फ्यूज लावलेल्या वायरीने १२ व्होल्ट द्या: टक् आवाज यावा आणि काटा झपकन खाली यावा. काही वाल्वमध्ये डायोड असतो, म्हणून प्लस-मायनस गाडीप्रमाणेच जोडा आणि करंट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. तोंडाने ओढून बघण्याची सवय असेल तर सोडा, आत पेट्रोलची वाफ असते. थंड असताना पास झालेला वाल्व गरम झाल्यावर गळू शकतो, म्हणून तक्रार दुपारचीच असेल तर गाडीही दुपारीच तपासा.

जुना वाल्व हातावर आपटा. काळे दाणे पडले, तर कॅनिस्टर फुटलाय. तो न बदलता नवा वाल्व बसवला, तर तोही त्याच दाण्यांनी अडकेल. पंपावर नोझल बंद पडल्यावरही गळ्यापर्यंत पेट्रोल भरून घेतलं की ते कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा खराब होतो. गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगा.

आपल्याकडे उंदरांना विसरून चालत नाही. कापूस-सोयाबीन घरात आलं की त्यामागे उंदीर येतात, आणि रात्री उभ्या गाडीच्या बोनेटमध्येही शिरतात. नळ्या आणि वायरी टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपा. कुरतडल्याची जागा बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते. कॅनिस्टरची हवेची नळीही बघा. ती धुळीने बुजते, कधी कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते, आणि मग वाल्व चांगला असूनही वाफ नीट ओढली जात नाही.

नवा वाल्व बसवताना त्यावरचा बाण मॅनिफोल्डकडे ठेवा. नळीचं टोक कडक झालं असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढं कापून बसवा. चिरा दूरवर गेल्या असतील तर पेट्रोलच्या वाफेला टिकणारी नळीच घ्या, पाण्याची नको.