आजाऱ्याच्या उशाशी हरिपाठ: सीमाभागातल्या भजनी मंडळांनी घरोघरची सेवा कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यात भजनी मंडळ नाही असं मराठी गाव शोधावं लागेल. एकादशी आणि सप्ताहाला मंडळ जोरात असतं. पण ज्याने वर्षभर अंथरूण धरलंय, जी म्हातारी घरात एकटी आहे, ज्याच्या घरचं कर्तं माणूस गेलंय, तो देवळापर्यंत पोचत नाही. मग मंडळाने त्याच्याकडे जायचं. देवळातलं भजन जसंच्या तसं उचलून दहा बाय दहाच्या खोलीत नेलं, की सेवा राहते बाजूला आणि आजाऱ्याचं डोकं उठतं. पंधरा माणसं, पखवाज, आठ जोड्या टाळ आणि घरच्या बाईला पंधरा कप चहाची धावपळ, हे पहिल्यांदा बंद करा.

बोलावणं आधी

न सांगता जाऊ नका. मंडळातल्या ज्याची त्या घराशी उठबस आहे, त्याने एक दिवस आधी एकट्याने जाऊन दोन माणसांना विचारायचं: घरच्यांना आणि आजाऱ्याला. दुसरा प्रश्न हमखास राहून जातो. मुलगा "या की हो, बाबांना बरं वाटेल" म्हणतो आणि बाबांना आपलं असं पडलेलं कुणी बघू नये असं वाटत असतं. "तात्या, उद्या तिघं-चौघं येऊन हरिपाठ म्हणू काय? नको असंल तर नुसतं बसून जातो," असं सरळ विचारावं. ते नको म्हणाले तर नुसतं बसून यावं. तीही सेवाच आहे, आणि तिला टाळ लागत नाहीत.

याच भेटीत पाच गोष्टी विचारून लक्षात ठेवा: आजार काय, कुठली वेळ बरी, ऑक्सिजन लावलाय का, गिळताना त्रास होतो का, साखर किंवा किडनीचं काही आहे का. पुढचं बरंचसं यावरच ठरतं.

कुणी काय द्यायचं

प्रत्येकाला देवाने वेगळं दिलेलं असतं. ज्याचा गळा चांगला तो उत्तम सोबती असेलच असं नाही. चौघांची टोळी पुरे, पाच म्हणजे हद्द. एक गाणारा, एक वाचणारा, एक ऐकणारा आणि एक हाताने काम करणारा. ऐकणारा म्हणजे आजाऱ्याच्या जवळ बसणारा माणूस. तो स्वतः कमी बोलणारा हवा. देवळात सगळ्यात मागे बसणारा, कधी चाल न धरणारा गडी इथे बहुधा सगळ्यात उपयोगी पडतो. हाताने काम करणारा गोळ्यांची पाकिटं बघतो, घागर भरून ठेवतो, पंख्याचा बिघडलेला रेग्युलेटर बसवतो. आजारी बाई असेल तर टोळीत निदान दोन बायका हव्यातच, आणि त्यांनीच जवळ बसावं.

नव्या पोरांना पहिले दोन-तीन वेळा नुसतं सोबत न्या. "लवकर बरे व्हाल बघा" असं आश्वासन देण्याची घाई त्यांनाच जास्त असते.

उशाशी वीस मिनिटं

ज्ञानदेवांचा हरिपाठ २७ अभंगांचा, काही पोथ्यांत २८ मिळतात. चालीवर सावकाश म्हटला तर अर्धा-पाऊण तास जातो. आजाऱ्यासाठी तो लांब पडतो. त्यातले पाच-सहा अभंग घ्या, मधे "जय जय राम कृष्ण हरी"चा गजर अगदी संथ, आणि शेवटी पसायदान. पसायदानाच्या ओव्या नऊच, दोन-तीन मिनिटांत होतात आणि बहुतेकांना पाठ असतात. सगळं मिळून वीस मिनिटं. माणूस थकला दिसला तर दहाव्या मिनिटालाही थांबावं. अभंग अर्धा सोडला म्हणून पांडुरंग रागावत नाही.

पखवाज घरी ठेवा. टाळ न्यायचेच तर एक जोडी आणि तीही बोटांनी दाबून, नाहीतर चिपळ्या किंवा नुसती टाळी. पेटी असेल तर भाता हलका. पट्टीकडे लक्ष द्या. मंडळाचे गडी सवयीने काळी चारला, म्हणजे पेटीच्या वरच्या पट्टीत जातात. तिथे आजाऱ्याचा आवाज पोचत नाही, तो ओठ मिटून पडून राहतो. काळी एक-दोनपर्यंत उतरा. ज्याला बोलता येत नाही त्याचेही ओठ ओळखीच्या चालीवर हलताना दिसतात. म्हणून नवी चाल लावू नका, गावात चाळीस वर्षं चालत आलेली जुनीच लावा. कोणता अभंग हवा ते त्याला विचारा. बोलता येत नसेल तर दोन अभंगांची नावं घ्या आणि हाताच्या खुणेने निवडू द्या.

घर कानडी असेल तरी अडत नाही. "आराम अदीरी?" (बरं आहे ना?) एवढं विचारलं तरी अज्जी उठून बसते. पुरंदरदासांची पदं "पुरंदर विठ्ठल" या मुद्रेवरच संपतात, म्हणजे देव तोच. एखादं पद कानडी शेजाऱ्याकडून नीट शिकून घ्या. चुकीच्या उच्चारांनी म्हटलेलं पद कानडी कानाला फार खुपतं. लिंगायत घरात वचनं, जैन घरात णमोकार, हे त्यांच्याच माणसाने म्हणावं आणि तुम्ही ऐकावं. आपला अभंग त्यांनी मागितला तरच म्हणा.

तीर्थ, प्रसाद, बुक्का, उदबत्ती

घोळ सगळ्यात जास्त इथे होतो, कारण भक्तीने दिलेलं काही बाधणार नाही असा आपला समज असतो.

लकवा झालेल्याला, ग्लानीत असलेल्याला किंवा नाकात नळी असलेल्याला तीर्थाचा चमचासुद्धा तोंडात घालू नका. गिळायची ताकद गेलेली असते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊ शकतो. वरून काही दिसतही नाही, कधी कधी ठसकाही लागत नाही. अशा वेळी तुळशीचं पान तळहातावर ठेवा आणि मूठ मिटून द्या.

डायलिसिसवर असलेल्याचं दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं. तीर्थ, चहा, शहाळं हे सगळं त्यातच धरलं जातं. शिवाय शहाळं आणि केळं यांत पोटॅशियम भरपूर, ते किडनीच्या पेशंटच्या हृदयाला घातक ठरू शकतं. आणि भेटायला जाताना आपण नेतो नेमकी हीच दोन फळं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या माणसाला खडीसाखरेचा दाणाही देऊ नका, ऑपरेशन पुढे ढकललं जातं. प्रसाद नेहमी घरच्यांच्या हातात द्या. द्यायचा की नाही ते ठरवतील.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, कापूर, उदबत्ती यांतलं काही पेटवायचं नाही. सिलिंडर असो की घरगुती मशीन, नियम एकच. ऑक्सिजन अंथरूण-पांघरुणात मुरतो आणि एका ठिणगीने चादर भुरकन पेटते. आरती बाहेर सोप्यात करा. दम्याच्या माणसाजवळ उदबत्ती नकोच. बुक्का कपाळाला बोटाने टेकवा, वरून उधळू नका. टाके, जखम, सलाईनची सुई यांच्या आसपास तर अजिबात नाही.

हात साबणाने धुऊन आत जा. सर्दी-खोकला असलेल्याने त्या दिवशी सुट्टी घ्यावी. किमो चालू असलेल्या घरी किंवा टीबीच्या घरी मास्क लावा. पहिल्या घरी त्याच्यासाठी, दुसऱ्या घरी स्वतःसाठी.

माळकरी पेशंट

ऑपरेशन किंवा एमआरआयच्या आधी गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगतात, आणि माळकरी म्हातारा तिथेच अडून बसतो. सिस्टरना ती माळ म्हणजे एक दागिना, त्याला ती म्हणजे सगळा जन्म. इथे मंडळातल्या वडीलधाऱ्याचा शब्द चालतो. त्यांनी आदल्या दिवशी जाऊन स्वतःच्या हाताने माळ उतरवून स्वच्छ पिशवीत घालावी, नातेवाइकाच्या खिशात द्यावी आणि "शुद्धीवर आलात की मीच परत घालतो" असं सांगून ते पाळावं. माळेवरून वॉर्डात भांडण नको.

जेवणात अंडं आलं तर ताट परत जातं आणि माणूस अशक्त होत जातो. आहारतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा. दूध, डाळ, मोडाची मटकी, पथ्यात बसत असेल तर शेंगदाणे, यावर भागतं.

एकादशीचं जास्त सांभाळा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपवास केला की साखर एकदम उतरते: घाम, हाताची थरथर, मग बरळणं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी नको सांगितलेला उपवास म्हातारी माणसं डॉक्टरांच्या शब्दावर सोडत नाहीत, मंडळाच्या शब्दावर सोडतात. "काकू, यंदा तुमची एकादशी मी धरतो, तुम्ही वेळेवर जेवा," असं एकाने म्हणावं आणि खरोखर धरावी.

दवाखान्यात

भेटायची वेळ आणि एका वेळी किती माणसं, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं. आधी सिस्टरना विचारा. दवाखान्याभोवतीचा निदान १०० मीटरचा भाग कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तसं नसलं तरी वॉर्डात टाळ-पेटी काही नाही. दोघांनी जावं, कानाजवळ हळू आवाजात दोन अभंग म्हणावेत. शेजारच्या खाटेवर कोण आहे याचं भान ठेवावं. त्याने हात जोडले तर त्याच्याकडे जावं, त्याने पाठ फिरवली तर आवाज आणखी कमी.

खानापूरच्या पश्चिमेकडून, जांबोटी-कणकुंबीकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाची खरी अडचण बहुधा निराळीच असते. फलक आणि फॉर्म कानडीत, नाहीतर इंग्रजीत. कानडी वाचता येणारा एक माणूस तासभर सोबत दिला, तर त्याची किंमत शंभर अभंगांएवढी. सरकारी योजनेतल्या उपचारासाठी बीपीएल कार्ड, आधार, आणि खाजगी दवाखान्यात न्यायचं असेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी, हे कागद एका पिशवीत लावून द्या. इमर्जन्सीत चिठ्ठीसाठी थांबायचं नसतं, हेही घरच्यांना सांगून ठेवा. ६५ च्या पुढच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा पेन्शन आहे, अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याच्या जवळच्या कार्यालयात) होतो.

शिधा वेगळा, भजन वेगळं

चौघांच्या घराला आठवडाभर पुरेल असा शिधा: तांदूळ ५ किलो, जोंधळ्याचं पीठ ५ किलो (खानापूरकडे त्यातलं अर्धं नाचण्याचं), तूरडाळ दीड किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, चहापूड पाव किलो, मीठ, चटणी, अंगाचा साबण. तेल आणि साबण लोक विसरतात.

हा शिधा भजनाच्या दिवशी नेऊ नका. दोन दिवस आधी, अंधार पडल्यावर, एकट्याने नेऊन द्यायचा. सोबत दिला की घरच्यांना वाटतं, पोतं घेतलंय तर आता बसलंच पाहिजे. मग नको असलेलं भजनही ते ऐकून घेतात. देव मानत नसलेल्या, दुसऱ्या धर्माच्या घरालाही शिधा तेवढाच द्यायचा, आणि त्या बदल्यात हात जोडायची अपेक्षाही ठेवायची नाही. फोटो नको. मंडळाच्या ग्रुपवर तर नकोच नको. दक्षिणा घ्यायची नाही. आग्रह झाला तर "देवळाच्या पेटीत घाला, पण पुढच्या वर्षी" म्हणून विषय संपवा.

दुःखाच्या घरी

रक्षाविसर्जनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं, तुम्ही नसलात तरी चालेल. घर रिकामं होतं तेराव्यानंतर. तेव्हापासून दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा जा. सुतकात देवपूजा बंद असली तरी बरीच वारकरी घरं नामस्मरण चालू ठेवतात. काही घरं तेही थांबवतात. घरातल्या मोठ्या माणसाला विचारून घ्या. गौळणी आणि भारुडं इथे नकोत.

काही वाक्यं तोंडातून जाता कामा नयेत: "देवाची इच्छा", "मागच्या जन्मीचं काहीतरी", "सुटला बिचारा". आजाऱ्याला "भक्ती कमी पडली" किंवा "गोळ्या सोडून नाम घ्या" असं म्हणणाऱ्या माणसाला टोळीतून काढा, मग तो कितीही गोड गाणारा असो. गोळी आणि नाम दोन्ही वेळेवर घ्यायचं, एवढंच सांगायचं.

कुणी "आता जगून काय करू" म्हणालं तर विषय बदलू नका, अभंग तर लावूच नका. "जीव द्यायचा विचार येतोय काय?" असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार नव्याने मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बाजूला घेऊन सांगा, तणनाशक-कीटकनाशकाच्या बाटल्या घरातून हलवा आणि १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा. चोवीस तास चालू असतं, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही.

वही आणि पावसाळा

एक साधी वही ठेवा: घर, तारीख, कोण गेलं, पुढची भेट कधी. आजाराचा तपशील आणि घरातली भांडणं त्यात लिहू नका, वही देवळात कुणाच्याही हाताला लागते. पाळणार नाही अशी तारीख देऊ नका. पडून असलेला माणूस त्या दिवशी सकाळपासून दाराकडे बघत असतो. जायला जमणार नसेल तर निदान फोन करा.

जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस गावं तोडतो, नाले भरले की दुचाकी जात नाही. त्या घरांचा शिधा आणि महिनाभराच्या गोळ्या मे अखेरपर्यंत पोचवा, आणि त्याच गावातला एक माणूस पावसाळ्यापुरता नेमून ठेवा. चाल येत नसली तरी चालेल, पाच अभंग मोठ्याने वाचता आले म्हणजे पुरे.