उरलेलं रेझिन मोरीत नको: कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नव्याने आलेल्यांसाठी

गणपती गेले की आमच्या घरचा फोन एकाच कामासाठी वाजायला लागतो. बोलणारं कुणीतरी सनीव्हेल, सॅन होजे नाहीतर फ्रीमाँटला नुकतंच आलेलं असतं. दिवाळीसाठी रेझिनच्या (साच्यात ओतलं की घट्ट होणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या) पणत्या, कोस्टर, लक्ष्मीची पावलं करायला घेतलेली असतात आणि काम झकास झालेलं असतं. मग ओट्यावर उरतात चार कप, दोन अर्ध्या बाटल्या, चिकट हातमोजे आणि बरणीभर गढूळ अल्कोहोल. "काका, हे टाकायचं कुठे?"

ओतून टाकायच्या आधी विचारलंत, यातच अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं इथे सविस्तर लिहितो.

मी वीस वर्षांपूर्वी इथे आलो. गॅरेजमध्ये सुतारकाम करतो, रेझिनची टेबलं ओततो. हात वडिलांकडून आला. साताऱ्याला त्यांचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे टर्पेंटाइनचा डबा एका पेंटरकडून दुसऱ्याकडे जायचा, आणि ब्रश धुतलेलं शेवटचं पाणी मागच्या भिंतीकडेला पडायचं. पावसाळ्यात सगळं अंगण हिरवंगार व्हायचं, तेवढा हातभर तुकडा मात्र बोडका राहायचा. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज तोच तुकडा आठवतो आणि मी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट करतो.

आपल्याकडे नको असलेल्या वस्तूला वाटा दोन: मोरी आणि भंगारवाला. इथे भंगारवाला दारात येत नाही, म्हणून नवीन माणसाचा हात आपोआप सिंककडे जातो. तिथेच थांबा. सिंकमधलं पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथली सफाई जिवाणू करतात, आणि थिनर किंवा कच्चं रेझिन हे त्यांचं खाणं नव्हे. शिवाय एपॉक्सी, म्हणजे पणत्या-टेबलांसाठी ओततात ते रेझिन, पाइपच्या वळणात जाऊन बसलं आणि तिथे घट्ट झालं, तर पाइप कापूनच काढावा लागतो.

रस्त्याकडेची लोखंडी जाळी तर त्याहून वेगळी. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या भागांत ती जाळी पावसाच्या पाण्याची आहे. तिचं पाणी शुद्ध न होता ओढ्यात आणि तिथून थेट खाडीत जातं. तिच्या शेजारी बऱ्याच ठिकाणी माशाचं चित्र आणि सूचना रंगवलेली असते, ती याचसाठी. सॅन फ्रान्सिस्को शहरात बहुतेक भागात दोन्ही पाणी एकाच गटारातून जातं, पण म्हणून तिथे ओतायला मोकळीक आहे असं नाही.

राहिला कचऱ्याचा डबा. पातळ रसायन त्यात टाकायला कॅलिफोर्नियात मनाई आहे. कारणही साधं आहे. कचऱ्याची गाडी आत आलेलं सगळं दाबते. तुमचा अर्धा भरलेला डबा त्यात फुटतो आणि आतलं उडतं ते त्या कामगाराच्या अंगावर.

आता रेझिनकडे येऊ. रेझिन बाटलीत पातळ आहे तोवर घातक, पूर्ण घट्ट झालं की साधा कचरा. या एका गोष्टीवर बाकीचं सगळं चालतं. एपॉक्सीत दोन बाटल्या असतात, रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर. मिसळलेलं उरलं असेल तर ते घट्ट होऊ द्या आणि डब्यात टाका. न मिसळलेल्या बाटल्या मात्र आपोआप कधीच घट्ट होणार नाहीत. त्या तशाच घरगुती घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर न्यायच्या, त्याबद्दल पुढे सांगतो.

पण "घट्ट होऊ द्या" म्हणजे कपात ठेवून द्या असं नव्हे. एपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते, आणि माल जितका एका ठिकाणी साठलेला, तितकी उष्णता आत कोंडते. माझ्या एका टेबलाच्या वेळी अंदाज चुकला. दीडेक लिटर मिश्रण उरलं आणि मी ते प्लॅस्टिकच्या बादलीत तसंच ठेवून चहा प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा मधोमध पिवळसर बुडबुडे येत होते, बादलीची एक बाजू मऊ होऊन आत वळली होती आणि नाकात झोंबणारा पांढरा धूर गॅरेजच्या छतापर्यंत गेला होता. जाड हातमोजे घालून बादली बाहेर सिमेंटवर नेऊन ठेवली. तासाभराने ती जवळून पाहिली तर आतला गोळा उभा तडकलेला होता, मधाच्या रंगाचा, आणि तरीही हात लावला तर चटका बसेल इतका गरम. त्या दिवशी बादली लाकडी फळीवर असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून उरलेलं मिश्रण मी जुन्या ट्रेमध्ये, प्लॅस्टिकच्या कागदावर, बोटाच्या नखाइतक्या जाडीचं पसरतो. बाहेर, सावलीत, मुलांपासून दूर. दुसऱ्या दिवशी पापडासारखं सोलून निघतं. त्याहून चांगलं म्हणजे शेजारी एखादा छोटा साचा तयार ठेवायचा. उरलेल्यात कीचेन होतात.

बरेच जण चांगला माल फेकायला निघतात, तेही सांगून ठेवतो. थंडीत गॅरेजमध्ये राहिलेलं रेझिन मध साखरावा तसं पांढरं, दाणेदार होतं. ते खराब झालेलं नसतं. बाटली कोमट ते गरम पाण्यात उभी ठेवा, दाणे पूर्ण विरघळेपर्यंत, आणि वापरा. हार्डनर जुना होऊन पिवळा पडला तरी बहुधा चालतो, फक्त पारदर्शक कामात रंग दिसतो. अशा वेळी गडद रंग मिसळून वापरून टाका. न उघडलेली बाटली आपल्या मंडळातल्या कुणाला तरी द्या. वापरून संपलेला माल हा कधीच कचरा होत नाही.

थ्रीडी प्रिंटरचं रेझिन वेगळं. ते हार्डनरने नाही, अतिनील प्रकाशाने घट्ट होतं, आणि कच्चं असताना पाण्यातल्या जिवांना फार घातक असतं. चिकट टिश्यू, हातमोजे, तुटके सपोर्ट (छापताना वस्तूला दिलेले आधार) पसरून उन्हात ठेवा. इथलं ऊन त्याला पुरतं. चिकटपणा पूर्ण गेला की कचऱ्यात. छापलेली वस्तू धुवायला वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पारदर्शक बरणीत झाकण लावून उन्हात ठेवलं की विरघळलेलं रेझिन गाळासारखं तळाशी बसतं. वरचं कॉफीच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा वापरता येतं. मात्र ते ज्वालाग्राही आहे, साधारण १२ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून गॅरेजमधल्या गॅसच्या वॉटर हीटरजवळ बरणी नको. अगदीच गढूळ झालं की केंद्रावर. उघडं ठेवून उडवून टाकायचं नाही.

"वॉटर वॉशेबल" लिहिलेल्या रेझिनने फार घोटाळा केला आहे. पाण्याने धुता येतं, याचा अर्थ ते पाणी सिंकमध्ये ओतता येतं असा नाही. त्या पाण्यात कच्चं रेझिनच असतं. तेही बरणीत साठवा.

लाकडाला तेलपॉलिश करणाऱ्यांनी पुढचं दोनदा वाचावं. जवसाच्या तेलाने, म्हणजे लिन्सीड ऑइलने भिजलेलं फडकं वाळताना स्वतः तापतं. चुरगळून टाकलं तर उष्णता आत साठते आणि काडी न लावता ते पेटतं. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ ला आग लागली ती लाकडी कामाला पॉलिश करताना मागे राहिलेल्या अशाच तेलकट फडक्यांमुळे. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. फडकं बाहेर, एकेरी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा आणि डबा केंद्रावर द्या. आपल्या बहुतेकांची घरं लाकडी आहेत आणि शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे.

आता केंद्राचं. आपल्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संकेतस्थळावर "हाउसहोल्ड हॅझार्डस वेस्ट", म्हणजे घरगुती घातक कचरा, असं शोधा. सांता क्लारा काउंटीत आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. फ्रीमाँट अलमीडा काउंटीत येतं, त्यांची केंद्रं वेगळी. आपण ज्या काउंटीत राहतो तिथलंच केंद्र वापरायचं. रहिवाशांसाठी ही सोय मोफत आहे, भाड्याने राहणाऱ्यांसाठीसुद्धा.

अनेकांच्या मनात भीती असते, ती फोनवर शेवटी हळूच बाहेर येते. "नाव लिहून घेतील का? दंड करतील का? व्हिसावर काही येईल का?" इतक्या वर्षांत मला तिथे पत्त्यापलीकडे कुणी काही विचारलेलं नाही. तुम्ही चूक कबूल करायला जात नाही आहात. तुम्ही नीट वागताय, आणि तिथली माणसं तसंच वागवतात.

गाडी रांगेत लावायची, आत बसून राहायचं, डिकी उघडायची. हातमोजे घातलेले कर्मचारी सामान उतरवून घेतात. दहा मिनिटांत परत. एका खेपेला १५ गॅलन किंवा १२५ पौंड, याहून जास्त न्यायला राज्याचा नियम परवानगी देत नाही. डबे परत मिळत नाहीत, त्यामुळे आवडती बरणी नेऊ नका. सगळं मूळ बाटलीत, झाकण घट्ट, खोक्यात उभं, डिकीत. वाटेत खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि मुलांना त्या दिवशी घरी राहू द्या. गळणारी बाटली मोठ्या डब्यात ठेवून भोवती कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी मिळणारी दाणेदार माती, भरा. गॅरेजमध्ये काही सांडलं तरी तेच टाकायचं, सगळं शोषून घेतं.

दोन वेगवेगळी रसायनं जागा वाचवायला एकत्र ओतू नका. फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनसोबत येणारं एमईकेपी हे कॅटलिस्ट (ते रेझिन घट्ट करणारं रसायन) चुकीच्या गोष्टीत पडलं तर भडका उडू शकतो. त्याची बाटली इतरांपासून लांब, स्वतंत्र खोक्यात न्या. सर्किट बोर्ड करणाऱ्यांचं, बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढायला वापरलेलं फेरिक क्लोराइडही तिथेच द्यायचं, त्यात विरघळलेलं तांबं माशांना मारतं. भिंतीचा उरलेला रंग बऱ्याच रंगाच्या दुकानांत पेंटकेअर योजनेखाली मोफत घेतात, पण रेझिन घेऊन तिथे जाऊ नका. बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायला कॅलिफोर्नियात २००६ पासून बंदी आहे, त्या याच खेपेला बरोबर नेता येतात.

पणत्या विकत असाल, मग दिवाळी मेळ्यातला एकच स्टॉल का असेना, तर तुमचा कचरा घरगुती राहत नाही. महिन्याला १०० किलोपेक्षा कमी घातक कचरा करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी काउंटीची वेगळी सोय असते, तिला शुल्क लागतं. ते पणतीच्या किमतीत धरा.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी वर्षभर उघड्या हातांनी एपॉक्सी ओतलं, आणि एके दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं. ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. त्यांना आता बाटली उघडलेल्या खोलीत बसवत नाही. काम सोडावं लागलं, आणि हात फार सुंदर होता त्यांचा.

शेवटची गोष्ट घरात लहान मूल असलेल्यांसाठी. गावाकडे आपण थिनर, रॉकेल सर्रास पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरतो. इथे ते एकदाही करू नका. मूळ बाटली फुटली तर काचेची बरणी घ्या, तिच्यावर जाड मार्करने नाव आणि तारीख इंग्रजीत लिहा, कारण केंद्रावरच्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे, आणि ती मुलाचा हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवा. पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२. चोवीस तास चालू, मोफत. माझ्याकडे तो गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला, दिव्याच्या बटणाशेजारी चिकटवलेला आहे.