अतिशीत ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड कसा घ्यावा: नवा असो वा वापरलेला

प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि विक्रमासाठी ते करताना द्रव नायट्रोजनने थंडावा देतात. हा नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात, म्हणजे पॉटमध्ये, तो ओतला, की मदरबोर्डाची जी परीक्षा सुरू होते तिचा रोजच्या वापराशी फारसा संबंध नसतो. गेमिंगसाठी नावाजलेले कितीतरी बोर्ड इथे माना टाकतात. उलट रॅमचे दोनच स्लॉट आहेत म्हणून सामान्य गिऱ्हाईक ज्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तो बोर्ड विक्रमांच्या यादीत वरच्या ओळीत सापडतो. म्हणून किंमत आणि पॉवर फेजची (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या शाखांची) संख्या जरा बाजूला ठेवा. तुमच्या प्रोसेसरसोबत हा बोर्ड किती थंडीपर्यंत चालतो, आणि बंद पडल्यावर किती थंडीत पुन्हा सुरू होतो, हे आधी शोधायचं.

१. प्रोसेसर आणि बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) आधी ठरवा

बोर्ड आवडला म्हणून घेतला आणि मग त्यात बसेल असा प्रोसेसर शोधत बसलो, असं करू नये. क्रम उलटा हवा. सुपरपायसारखी एकाच कोअरवर चालणारी चाचणी असेल तर वीज फार लागत नाही, साधा बोर्डही पुरतो. मात्र सुपरपाय ३२एम रॅमच्या वेगावर आणि टायमिंगवर (विलंबाच्या सेटिंगवर) अवलंबून असल्यामुळे रॅम चांगली पळवणारा बोर्ड लागतो. सिनेबेंच किंवा वाय-क्रंचर सोळा-चोवीस कोअरवर चालवायचं असेल, तर व्हीआरएम (प्रोसेसरची वीज सांभाळणारं सर्किट) खरोखर दणकट हवा. थ्रीडीमार्क ही ग्राफिक्स कार्डची चाचणी करायची असेल तर कार्ड बसतं त्या पीसीआयई स्लॉटची अवस्था महत्त्वाची.

प्रोसेसरची पिढीही बघा. इंटेलच्या हॅसवेल पिढीतल्या बहुतेक चिपा उणे १९६ च्या बऱ्याच आधी अडकतात, तर स्कायलेकपासून पुढे पॉट काठोकाठ भरून चालवता येतो. सँडी ब्रिजला तर कडाक्याच्या थंडीचा फारसा फायदाच होत नाही. तिथे ड्राय आइसचे उणे ७८ अंशही पुष्कळ झाले. अशा चिपसाठी महागडा खास बोर्ड घेण्यात अर्थ नाही.

चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप, हीही तपासून घ्या. इंटेलकडे मल्टिप्लायर (बेस क्लॉक या मूळ वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) वाढवायला साधारणपणे के मालिकेचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट लागतो. एएमडीकडे बी आणि एक्स मालिका चालते, पण ए३२० किंवा ए६२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही.

२. बोर्डात काय असायला हवं

दोन शब्द नीट समजून घ्या. चालू असलेलं मशीन ठरावीक तापमानाखाली गेल्यावर गोठतं, तो कोल्ड बग. चालू असताना खाली जातं, पण रीस्टार्ट झालं की पोस्टच (सुरुवातीची स्व-तपासणी) होत नाही, तो कोल्ड बूट बग. दुसरा जास्त छळतो. प्रत्येक क्रॅशनंतर गॅसची टॉर्च घेऊन पॉट तापवायचा, मग पुन्हा नायट्रोजन ओतून खाली न्यायचं. अर्धा नायट्रोजन यातच संपतो. हा त्रास कमी करण्यासाठीच खास बोर्डांवर एलएन२ (द्रव नायट्रोजन) मोडचा जंपर किंवा स्विच असतो. माझ्या यादीत त्याचा नंबर पहिला.

त्यानंतर स्लो मोड. हा स्विच दाबला की मल्टिप्लायर एकदम खाली येतो, त्यामुळे दोन चाचण्यांच्या मधल्या वेळेत मशीन क्रॅश न होता टिकतं. पोस्ट कोड दाखवणारा डिस्प्ले, रीट्राय (पुन्हा प्रयत्न) आणि सेफ बूटची (सुरक्षित सेटिंगने सुरू करणारी) बटणं, मल्टिमीटर लावायला व्होल्टेज पॉइंट, बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) दोन चिपा यांची किंमत मध्यरात्री मशीन अडल्यावर कळते. विंडोज एक्सपी किंवा ७ वर जुने बेंचमार्क चालवायचे असतील तर पीएस/२ पोर्ट असलेला बोर्ड घ्या, नाहीतर यूएसबी ड्रायव्हरशिवाय कीबोर्डच चालत नाही.

रॅमचे दोन स्लॉट ही उणीव समजू नका. चार स्लॉटच्या बोर्डात रिकाम्या स्लॉटकडे जाणाऱ्या वाटा सिग्नल बिघडवतात. दोनच असले की प्रोसेसरपासूनची वाट आखूड आणि स्वच्छ राहते. एसुसचे एपेक्स, गिगाबाइटचे टॅकियॉन, एमएसआयचे युनिफाय-एक्स, ईव्हीजीएचे डार्क हे याच विचाराने बनलेले बोर्ड. एएसरॉकची ओसी फॉर्म्युला मालिकाही याच कामासाठी ओळखली जाते.

यादी झाली की एचडब्ल्यूबॉट या ओव्हरक्लॉकिंगच्या निकालांच्या संकेतस्थळावर जा. तुमचा प्रोसेसर शोधा, द्रव नायट्रोजनवरचे निकाल वेगळे काढा आणि पहिल्या वीस-तीस जणांनी कोणते बोर्ड वापरलेत ते पाहा. एकच नाव सतत येत असेल तर उत्तर मिळालंच. मी मात्र सगळ्यात वरचा निकाल सोडून मधल्या फळीकडे जास्त लक्ष देतो. तिथे एखादा स्वस्त बोर्ड वारंवार दिसला, तर नवख्यासाठी तोच खरा सौदा.

३. पॉट बसतो का?

हे विसरलं जातं. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटभोवतीच्या भोकांमधलं अंतर इंटेलमध्ये असं: एलजीए ११५x आणि १२०० चं ७५ मिलिमीटर, १७०० आणि १८५१ चं ७८, तर १३६६ चं ८०. पॉटसोबत त्या मापाची पट्टी आहे का, आणि सॉकेटभोवतीचे हीटसिंक किंवा कपॅसिटर पॉटला आडवे येतात का, हे फोटोवरूनच ताडून घ्या.

४. नवा घेत असाल तर

नव्या बोर्डाचा मोठा फायदा म्हणजे स्वच्छ सॉकेट आणि परत करण्याची मुदत. ती मुदत पुरेपूर वापरा. बोर्ड आला की लगेच इन्सुलेशन (दव साचून शॉर्ट होऊ नये म्हणून बोर्ड झाकणं) करायला बसू नका. आधी साध्या एअर कूलरवर दोन्ही रॅम स्लॉट, पीसीआयई, एक्सएमपी (रॅमची तयार वेगवान सेटिंग), दोन्ही बायोस तपासा आणि रॅम थोडी ताणून पाहा. एकाच मॉडेलच्या दोन बोर्डांमध्येही रॅमच्या वेगात फरक पडतो. एकदा व्हॅसलीन किंवा लिक्विड टेप लागली, की वॉरंटी संपली असंच धरून चाला.

बायोस ताजं ते चांगलं, हा नियम इथे लागू होत नाही. २०१६ च्या सुमारास झेड१७० बोर्डांवर के नसलेले स्कायलेक प्रोसेसर बेस क्लॉकने वाढवता येत, पण काही ठरावीक बायोसवरच. पुढच्या आवृत्त्यांनी ती वाट बंद केली. तुमच्या चिपवर कोणतं बायोस वापरलं जातं ते शोधा आणि त्याची फाइल स्वतःकडे जपून ठेवा.

५. वापरलेला घेत असाल तर

खरा कस इथे लागतो. द्रव नायट्रोजनवर चाललेला बोर्ड नकोच, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने नीट इन्सुलेशन केलं, सत्र संपल्यावर बोर्ड पूर्ण वाळवला आणि जो आपले निकाल दाखवू शकतो, त्याचा बोर्ड थंडीत चालतो हे सिद्ध झालेलं असतं. कुठल्या तरी बंद पीसीतून काढलेल्या, इतिहास माहीत नसलेल्या चकचकीत बोर्डापेक्षा मी असा बोर्ड आनंदाने घेईन.

विक्रेत्याला सरळ विचारा: कोणता प्रोसेसर लावला होता, किती थंडीपर्यंत गेला, इन्सुलेशन कशाचं होतं, रॅमचे दोन्ही चॅनल (प्रोसेसरपर्यंतच्या वाटा) चालतात का, काही दुरुस्ती झाली आहे का. मोघम उत्तरं आली तर पुढे जाऊ नका.

मग फोटो मागा, आणि सगळ्यात आधी सॉकेटचे. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणल्यापासून पिन प्रोसेसरवरून बोर्डावर आल्या. एएमडीनेही एएम५ मध्ये तेच केलं. त्यामुळे सॉकेट गेला की बोर्ड गेला. समोरून घेतलेला फोटो उपयोगाचा नाही. विजेरी अगदी तिरपी धरून चारही बाजूंनी एकेक फोटो काढायला सांगा. पिनांची टोकं ओळीने सारखी चमकली पाहिजेत. जिथे चमक तुटते किंवा एखादा ठिपका ओळीतून सरकलेला दिसतो, तिथे पिन वाकलेली आहे. तपकिरी किंवा काळसर डाग, वितळल्यासारखं प्लास्टिक दिसलं तर विषय तिथेच संपवा. २००९ मध्ये पी५५ चिपसेटच्या काही बोर्डांवर जोरदार ओव्हरक्लॉकिंगमध्ये सॉकेटच्या पिना जळाल्याचं उघड झालं होतं. त्या पिढीचा बोर्ड घेताना ही तपासणी दुप्पट काळजीने करा.

पिनांमध्ये धुरकट, ओलसर थर दिसला तर ते व्हॅसलीन असतं. बोर्ड त्याने मरत नाही, पण भाव कमी करून मागायला हरकत नाही, कारण सफाईचं काम तुमच्या गळ्यात पडणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये व्हॅसलीन नीट विरघळत नाही. बॅटरी आणि हीटसिंक काढून कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण, मग स्वच्छ पाणी, मग अल्कोहोल, आणि मग पूर्ण वाळवणं, हा मार्ग चालतो. सॉकेटमध्ये ब्रश घालू नका.

मागच्या बाजूचा फोटोही हवाच. बॅकप्लेट घासून सॉकेटभोवतीचे बारीक घटक उडालेले असू शकतात. बोर्ड सपाट ठेवून कडेने बघितल्यावर सॉकेटपाशी बाक दिसतो का, तेही बघा. जड पॉट जास्त आवळला गेल्याची ती खूण. घटकांच्या पायांजवळ हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे ओलावा राहून गंज चढलेला. रॅम स्लॉटची खिटी सैल आहे का, तेही विचारा.

जुना काळ आवडत असेल, सॉकेट ए चा एबिट एनएफ७-एस किंवा सॉकेट ९३९ चा डीएफआय लॅनपार्टी खुणावत असेल, तर कपॅसिटर बघा. त्या काळातले द्रव इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर फुगतात, गळतात, आणि कडक थंडीत त्यांची क्षमताही घटते. बदलून सॉलिड पॉलिमर घालता येत असतील तरच असा बोर्ड घ्या.

शेवटी चालू बोर्डाचा व्हिडिओ मागा: बायोसमध्ये दोन्ही रॅम दिसताहेत, पोस्ट कोड दिसतो आहे, एलएन२ स्विच शाबूत आहे. ‘चालत होता, आता तपासायला प्रोसेसर नाही’ असं म्हणणाऱ्याकडून नादुरुस्त बोर्डाच्या भावातच घ्या.

६. घरी आल्यावर

पहिली तपासणी पुन्हा एअर कूलरवरच. एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये, मग दोन्ही एकत्र. एक चॅनल गायब असेल तर बहुतेकदा दोष सॉकेटच्या पिनेत किंवा घाणीत असतो. प्रोसेसर काढून पुन्हा बघा. बायोस चिप सॉकेटमध्ये बसणारी असेल तर सीएच३४१ए प्रोग्रामर या छोट्या उपकरणाने तिची प्रत काढून ठेवा.

हे सगळं पार पडलं की मगच इन्सुलेशन. पहिल्या सत्रात थेट तळ गाठू नका. उणे पन्नास, उणे शंभर असे टप्पे घ्या, प्रत्येक टप्प्यावर रीस्टार्ट करून पाहा आणि बूट कुठे अडतं तो आकडा लिहून ठेवा. खोली हवेशीर हवीच, कारण द्रव नायट्रोजन वायू झाला की सुमारे ७०० पट पसरतो आणि ऑक्सिजन हटवतो. सत्र संपल्यावर वीज तोडा, पॉट सामान्य तापमानाला येऊ द्या, सॉकेट आणि स्लॉट उघडे ठेवून बोर्डावर रात्रभर पंखा सोडा.